एका पिस्तुलाला पन्नास कायदे

(न्यू जर्सीतील मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मित्रहो, २०१३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात फिलाडेल्फियात राहणारी, दोन लहान मुलांची एक आई गाडीने न्यू जर्सीत आली. पूर्वी दोनदा लुटली गेल्यामुळे तिने पेनसिल्व्हेनियाचा परवाना काढून पिस्तूल विकत घेतले होते. अटलांटिक सिटीकडे जाणाऱ्या महामार्गावर, लेन बदलताना झालेल्या चुकीवरून पोलिसाने गाडी थांबवली, तेव्हा आपल्यापाशी पिस्तूल आहे आणि त्याचा परवानाही आहे, हे तिने आपणहून सांगितले. तिला अटक झाली, कारण पेनसिल्व्हेनियाचा परवाना न्यू जर्सीत चालत नाही. येथील कायद्याप्रमाणे विनापरवाना पिस्तूल बाळगणे हा पाच ते दहा वर्षांच्या कैदेचा गुन्हा आहे आणि त्यातली किमान साडेतीन वर्षे पॅरोलविना भोगावी लागतात. काही आठवडे ती तुरुंगात होती. पुढे देशभर चर्चा झाल्यावर सरकारी वकिलांनी भूमिका बदलली, आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये राज्यपालांनी तिला माफी दिली. ज्यांच्या प्रकरणाची चर्चा होत नाही, त्यांच्या वाट्याला अशी माफी सहसा येत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांची समजूत भारतात घडलेली आहे. तिकडे १९५९ चा शस्त्र कायदा साऱ्या देशाला एकच आहे, आणि परवाना किती क्षेत्रात चालेल हे परवान्यावरच लिहिलेले असते. इथे आल्यावर आपण वाहन परवान्याचा अनुभव घेतो, जो एका राज्याने दिला तरी सगळीकडे चालतो, आणि शस्त्राचेही तसेच असेल असे धरून चालतो. वस्तुस्थिती उलट आहे. अर्ध्याहून अधिक राज्यांत सज्ञान नागरिकाला पिस्तूल लपवून जवळ बाळगण्यासाठी परवानाच लागत नाही. न्यू जर्सीत मात्र प्रत्येक पिस्तुलाच्या खरेदीसाठी वेगळी परवानगी लागते, जवळ बाळगण्यासाठी आणखी वेगळा परवाना लागतो, आणि दहापेक्षा अधिक गोळ्या मावणारे मॅगझिन सामान्य नागरिकाला ठेवता येत नाही. नदीपलीकडच्या पेनसिल्व्हेनियात मॅगझिनवर अशी मर्यादा नाही. मधल्या डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडायला लागतात पाच मिनिटे.

एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांसाठी १९८६ च्या संघीय कायद्याने संरक्षण दिलेले आहे. निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या अशा दोन्ही ठिकाणी शस्त्र बाळगणे कायदेशीर असेल, ते रिकामे असेल, आणि शस्त्र व गोळ्या दोन्ही हाताशी येणार नाहीत अशा ठिकाणी असतील, तर मधल्या राज्यातून जाता येते. हे संरक्षण किती तोकडे आहे ते २००५ साली न्यू जर्सीतल्या नेवार्क विमानतळावर दिसले. युटाहून पेनसिल्व्हेनियाला निघालेल्या एका प्रवाशाचे पुढचे विमान चुकले, त्याला रात्र हॉटेलात काढावी लागली आणि सामान त्याच्या ताब्यात आले. सकाळी विमानतळावर त्याने नियमाप्रमाणे पिस्तूल जाहीर केले, तेव्हा त्याला अटक झाली. त्याच्यावरील आरोप मागे घेतले गेले. पण त्याने नुकसानभरपाईसाठी केलेला दावा २०१० मध्ये संघीय अपील न्यायालयाने फेटाळला, कारण हॉटेलातल्या त्या रात्री शस्त्र त्याच्या हाताशी होते. ज्याने काहीही लपवले नाही त्यालाच कायद्याने पकडावे, हे मला मनापासून अन्याय्य वाटते. मी स्वतः बंदूक बाळगत नाही, आणि राज्याने कसून पडताळणी करावी याच मताचा मी आहे. पण इतकी कठोर शिक्षा ठेवणाऱ्या कायद्याने चुकलेला माणूस आणि गुन्हेगार यांत भेद करायलाच हवा.

आता न्यायालयांकडे वळतो. शस्त्र बाळगण्याचा अधिकार देणारी दुसरी घटनादुरुस्ती १७९१ ची आहे, पण तो अधिकार व्यक्तीचा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टपणे म्हटले ते २००८ मध्ये, वॉशिंग्टन शहरातील पिस्तूलबंदी रद्द करणाऱ्या हेलर खटल्यात. शिकागोच्या मॅकडॉनल्ड खटल्यात २०१० मध्ये तो राज्यांनाही लागू झाला. खरी उलथापालथ २०२२ च्या जूनमध्ये ब्रुएन खटल्याने केली. न्यूयॉर्कमध्ये परवान्यासाठी इतरांहून वेगळे असे खास कारण दाखवावे लागत असे. सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालयाने ती अट घटनाबाह्य ठरवली आणि कसोटीच बदलली. निर्बंध सार्वजनिक सुरक्षेला उपयोगी आहे का, हा प्रश्न मागे पडला, आणि देशाच्या इतिहासात असे निर्बंध होते का, हे सरकारने सिद्ध करावे असे ठरले. तेव्हापासून वकील अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातले कायदे धुंडाळत आहेत, आणि एकाच प्रश्नावर दोन न्यायालये दोन उत्तरे देत आहेत. न्यूयॉर्कने आणि न्यू जर्सीने त्याच वर्षी नवे कायदे करून खास कारणाची अट काढली. पण प्रशिक्षण वाढवले आणि ज्या ठिकाणी शस्त्र नेता येत नाही त्यांची यादी लांबलचक केली. त्या यादीतील एकेका जागेवर खटले लढवले गेले. २०२४ च्या जूनमध्ये रहिमी खटल्यात, घरगुती हिंसाचारामुळे न्यायालयाचा मनाई आदेश असलेल्या व्यक्तीला शस्त्रबंदी करता येते, असा आठ विरुद्ध एक निर्णय झाला, आणि जुना कायदा हुबेहूब तसाच असण्याची गरज नाही असे स्पष्ट झाले. मला तो निर्णय सर्वस्वी योग्य वाटतो.

यातून अनेक जण एक घातक निष्कर्ष काढतात. अमुक कलमाला आव्हान दिले आहे, खालच्या न्यायालयाने ते रद्दही केले आहे, तेव्हा आपल्याला भीती नाही, असे ते मानतात. परंतु वरच्या न्यायालयाने स्थगिती दिली की ते कलम पुन्हा लागू होते, आणि अटक करणारा पोलीस त्या दिवशी लागू असलेला कायदा पाहतो.

आपल्या समाजाला सर्वांत जवळचा असलेला धोका याहून वेगळा आहे. एच-वन-बी (नोकरीसाठी आलेले), एच-फोर (त्यांचे कुटुंबीय), विद्यार्थी किंवा पर्यटक अशा तात्पुरत्या व्हिसावर देशात आलेल्या व्यक्तीला संघीय कायद्याने शस्त्र किंवा गोळ्या बाळगण्यास मनाई आहे. या नियमाला मोजके अपवाद आहेत. त्यांतला आपल्याला लागू पडेल असा म्हणजे कोणत्याही राज्याचा वैध शिकार परवाना असणे. कंपनीतले सहकारी शनिवारी शूटिंग रेंजवर नेतात, तिथे भाड्याचे पिस्तूल हातात घेतले जाते, फोटो काढले जातात. यात गैर ते काय, असे वाटते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाजलेला रेहैफ खटला नेमका फ्लोरिडातल्या अशा रेंजवरूनच उभा राहिला. विद्यार्थी व्हिसाचा दर्जा गमावलेला तो तरुण तिथे सराव करत होता. आपला दर्जा काय हे आरोपीला ठाऊक होते, हे सरकारने सिद्ध केले पाहिजे, असे न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी म्हटले. आपला व्हिसा कोणता हे आपल्यापैकी प्रत्येकाला पक्के ठाऊक असते, म्हणून या निर्णयाचा आधार आपल्याला फारसा मिळत नाही.

ग्रीन कार्ड असलेल्यांना शस्त्र घेता येते, पण शस्त्रविषयक गुन्ह्यात दोषी ठरल्यास त्यांनाही देशाबाहेर काढता येते. शिक्षा सौम्य व्हावी म्हणून गुन्हा कबूल करण्याचा सल्ला मिळाला, तर सही करण्यापूर्वी स्थलांतर कायदा जाणणाऱ्या वकिलाला विचारा. फौजदारी वकिलाने हद्दपारीच्या धोक्याची कल्पना दिलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पडिया खटल्यात सांगितले आहे.

आणि ज्या घरात नवऱ्याकडे ग्रीन कार्ड आहे, पण सासूबाई पर्यटक व्हिसावर सहा महिन्यांसाठी आल्या आहेत किंवा पुतण्या शिकायला राहिला आहे, त्या घरातील शस्त्र तिजोरीत कुलूपबंद असले पाहिजे. ताबा म्हणजे केवळ हातात असणे नव्हे. हवे तेव्हा घेता येणे आणि तसा हेतू असणे, हाही कायद्याच्या दृष्टीने ताबा ठरू शकतो. म्हणून त्या तिजोरीची किल्ली किंवा आकड्यांचा संकेत घरातल्या इतर कोणाला देऊ नका.