बोंड फोडा, मग पंप उचला: गुलाबी बोंडअळीचं खरं निदान

राम राम मंडळी. आठवडाभर एकाच तऱ्हेचे फोटो येताहेत. कपाशीचं हिरवंगार, टणक बोंड, आणि खाली प्रश्न: दादा, यात अळी आहे का? फोटोवरून मला सांगता येत नाही. कुणालाच येत नाही. का, ते आज बघू.

मुळाक्षरं पटकन उरकतो. बीटी कपाशी, म्हणजे बोंडअळीला मारणारं प्रथिन स्वतःच तयार करणारी कपाशी, आपल्याकडे २००२ ला आली. दोन जनुकांची, म्हणजे अशी दोन प्रथिनं असलेली, २००६ ला. पुढे गुलाबी अळी दोन्ही प्रथिनांना सरावली आणि २०१७ ला महाराष्ट्रभर तिनं कपाशीचं कसं नुकसान केलं ते तुम्ही बघितलंच. त्यामुळे ‘बियाणं बीटीचं आहे, मग अळी कशी’ हा प्रश्न आता सोडा.

आता खरी गोम. अमेरिकन अळी, आपली हिरवी, बोंडाला मोठं भोक पाडते. अर्धं अंग बाहेर, विष्ठा बाहेर, चालता चालता दिसते. गुलाबीची तऱ्हा वेगळी. पतंग पात्यावर, म्हणजे फुलाच्या कोवळ्या कळीवर, आणि बोंडाच्या देठाजवळ बारीक अंडी घालतो. चार-पाच दिवसांत अळी निघते आणि काही तासांत बोंडात शिरते. बोंड वाढतं तसं ते टाचणीएवढं भोक बुजून जातं. आत ती सरकी खात बसते, बाहेर काही म्हणजे काही दिसत नाही. आणि बाहेर वाटोळं, स्वच्छ भोक दिसलंच, तर अळी खाऊन-पिऊन कोषात जायला निघून गेलेली असते. त्या भोकावर फवारून काय मरणार?

(हिरवं बोंड कॅमेऱ्यासमोर धरून) म्हणून बोंड फोडायचं. एकरात तिरकं चाला, बांधाकडच्या दोन-तीन ओळी सोडा, २० झाडांवरून एकेक हिरवं बोंड तोडा. पंधरा-वीस दिवसांचं हवं. फार कोवळ्यात काही सापडत नाही, फार जुन्यातली अळी निघून गेलेली असते. दोन अंगठ्यांनी दाबून पाकळ्या, म्हणजे बोंडाचे कप्पे, उकला. लहान अळी पांढरी असते, डोकं काळं. गुलाबी रंग नंतर येतो. त्यामुळे ‘गुलाबी दिसली नाही’ म्हणून खूश होऊ नका. सालीच्या आतल्या बाजूला बारीक गाठ किंवा पाकळ्यांमधल्या पडद्याला भोक दिसलं, तरी अळी शोधा. २० बोंडांत दोन जिवंत अळ्या, म्हणजे १० टक्के. ही फवारणीची पातळी. एकच सापडली तर पाच-सहा दिवसांनी पुन्हा २० फोडा.

काहीजण म्हणतात, २० बोंडं वाया जातात. अहो, एकरात हजारो बोंडं असतात. वीस बोंडांसाठी जीव तुटतो आणि न बघता मारलेल्या फवाऱ्याचे पैसे डोळ्यांआड जातात, हा कुठला हिशोब?

दुसरा आग्रह कामगंध सापळ्याचा. यात मादीच्या वासाची गोळी असते, त्या वासानं नर पतंग येऊन अडकतात. एकरी दोन सापळे लावा, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच, आणि पीक वाढेल तसे वर घ्या. गोळी गुलाबीचीच घ्या. अमेरिकन अळीची गोळी वेगळी असते. तंबाखू चोळलेल्या हातानं तिला शिवू नका. पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत, साधारण तीन आठवड्यांनी, ती बदला. एका सापळ्यात रात्रीला आठ पतंग, असे सलग तीन रात्री आले की इशारा समजा. पण सापळ्यात फक्त नर येतात. अंडी घालणारी मादी शेतातच असते. म्हणून सापळा भरला म्हणजे अळी संपली, असं नव्हे. सापळ्यानं घंटा वाजवली की बोंडं फोडायला जायचं, एवढंच. अमावस्येला फवारू का, असंही बरेचजण विचारतात. कालनिर्णय नंतर बघा, आधी सापळा बघा.

फुलोऱ्यात डोमकळी ओळखा. पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या चिकटलेल्या, फूल उमलतच नाही, आत अळी. १०० फुलांत १० डोमकळ्या आढळल्या तरी तीच फवारणीची पातळी झाली. तोडून पिशवीत घ्या आणि जाळा किंवा खोल पुरा. बांधावर फेकल्यात तर अळी तिथेच कोषात जाते.

मे महिन्यात ठिबकवर लावलेल्या कपाशीला हे आधी बघावं लागतं. जळगाव जिल्ह्यात तापीकाठी, चोपडा-यावल पट्ट्यात, अशी कपाशी लवकर फुलावर येते आणि जमिनीतून निघालेल्या पहिल्या पतंगांना आयतं घर मिळतं. कोरडवाहूवाल्यांचा त्रास तिथून सुरू होतो.

औषधं. सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क: पाच किलो निंबोळी भरडून रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजवा, गाळा, २०० ग्रॅम साबणचुरा विरघळवा, पाणी घालून १०० लिटर करा. पातळी ओलांडली तर एकरी २०० लिटर पाण्यात इमामेक्टिन बेंझोएट पाच टक्के ८८ ग्रॅम, किंवा प्रोफेनोफॉस ५० टक्के ४०० मिली. किंवा म्हणजे किंवा. दोन्ही एका पंपात नाही. १५ लिटरच्या पंपाला इमामेक्टिन साधारण साडेसहा ग्रॅम, प्रोफेनोफॉस ३० मिली. पुढच्या खेपेला औषध बदला. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं ऑक्टोबर सरेपर्यंत टाळा, पांढरी माशी उसळते. आणि तोंडाला मास्क, हातात मोजे, वारा पाठीशी. २०१७ लाच यवतमाळात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली.

पुन्हा बोंडाकडे येतो. वेचणीला कवडी कापूस निघाला, पाकळी अर्धी उमललेली, रुई पिवळट, दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या, की लोक मला औषध विचारतात. तेव्हा उत्तर उरलेलं नसतं. हेच बोंड महिन्याभरापूर्वी फोडलं असतं तर पंधरा सेकंदांत कळलं असतं.

फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच कपाशी पाणी देऊन पुढे चालवणं, घेऊ नका. डिसेंबरअखेर पाणी तोडा. शेवटच्या वेचणीनंतर ठेलाऱ्यांच्या मेंढ्या शेतात बसवा, अर्धवट बोंडं आणि पाला त्या साफ करतात. फक्त नुकतंच फवारलेलं शेत नको. सरपणासाठी पऱ्हाट्यांची, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांची, गंजी घराशेजारी लावायची आपली सवय जुनी आहे. पण अळी त्याच वाळक्या बोंडांत झोपून राहते. पऱ्हाटी ठेवायचीच असेल तर बोंडं झोडून वेगळी जाळा. ज्यांचं शेत जिनिंगला, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याला, लागून आहे, त्यांनी दोन सापळे जिनिंगच्या बाजूलाच लावा. साठवलेल्या सरकीतून पतंग निघतात.