पहिलं इंजेक्शन झालं म्हणजे झालं असं नाही

(पुण्यातल्या एका सोसायटीत पिल्लं पाळणाऱ्यांसाठी दिलेलं व्याख्यान, थोडं संपादन करून)

नमस्कार. पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत, या पुढे. आणि कुणी पिल्लू आणलं असेल तर मांडीवरच ठेवा प्लीज, खाली सोडू नका, का ते सांगतेच.

मी जनावरांची डॉक्टर, प्रॅक्टिस जास्त करून कुत्र्यामांजरांची. भाद्रपदात आपल्याकडे रस्त्यावर कुत्र्यांचा काय गोंधळ असतो ते सगळ्यांना माहितीये. तिथून 63 दिवस मोजा, दिवाळीच्या आगेमागे पार्किंगमध्ये, वॉचमनच्या केबिनमागे पिल्लं दिसायला लागतात. त्याच्यापुढे अजून सात-आठ आठवडे मोजले की आला डिसेंबर-जानेवारी, आणि तेव्हा माझ्याकडे सलाइन लावलेल्या पिल्लांची रांग लागते. आजार एकच, पिल्लांना उलट्या-जुलाब लावणारा व्हायरस, पार्वो.

मागच्या थंडीत एक जोडपं लॅबचं, म्हणजे लॅब्रेडॉरचं, पिल्लू घेऊन आलं, 70 दिवसांचं. मी टेबलावर पाण्याची वाटी ठेवली तर ते वाटीवर मान टाकून नुसतं बसून राहिलं, पाण्याला तोंड लावेना. पार्वोच्या पिल्लांचं हे असं बसणं एकदा बघितलं की विसरत नाही. त्या ताईंचा एकच प्रश्न होता, "मॅडम, दोन इंजेक्शनं झालीत, मग पार्वो कसा?" आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नाबद्दल आहे.

पिल्लू जन्मल्यावर पहिल्या दिवसात आईचा चीक पितं, तोच, गाई-म्हशीच्या ज्या चिकाचा आपण खरवस करतो. त्या चिकातून आईच्या अँटीबॉडीज पिल्लाला मिळतात आणि सुरुवातीचे आठवडे त्याच त्याला सांभाळतात. पण त्या अँटीबॉडीजना आजाराचा व्हायरस कुठला आणि लसीतला व्हायरस कुठला हे कळत नाही, त्या लसीलाही मारून टाकतात. म्हणजे अंगात आईचं संरक्षण भरपूर असेल तर इंजेक्शन टोचलं तरी ते वायाच जातं. मग हळूहळू ते संरक्षण उतरतं, कुणाचं सहाव्या आठवड्यात, कुणाचं बाराव्या, कुणाचं पार सोळाव्या. एकाच वेतातल्या भावंडांचंसुद्धा वेगवेगळं, कारण जे दांडगं होतं ते चीक पोटभर प्यायलं आणि जे बारकं होतं ते मागे राहिलं. आणि यात मध्ये एक वाईट काळ येतो, आईचं संरक्षण आजाराला अडवण्याइतकं उरलेलं नसतं पण लसीला पाडण्याइतकं असतं. त्या लॅबच्या पिल्लाचं हेच झालं असणार. इंजेक्शन चुकीचं नव्हतं, ते लागू पडायची वेळ अजून आली नव्हती.

म्हणून आम्ही सहा ते आठ आठवड्यांना सुरुवात करतो आणि दर दोन ते चार आठवड्यांनी परत टोचतो, आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच. लोक याला बूस्टर म्हणतात, पण खरं तर प्रत्येक डोस म्हणजे दार उघडलंय का ते परत वाजवून बघणं आहे. माझं विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचा डोस हा शेवटचा, आणि नेमका तोच लोक सोडतात, कारण पिल्लू तोवर गुटगुटीत झालेलं असतं. रेबीज तीन महिन्यांना, तो वेगळा, तो चुकवायचा नाहीच. आणि कार्डावर बाटलीचा स्टिकर चिकटवलेला बघा. नुसतं पेनाने लिहिलेलं असेल तर ते डोस मी धरत नाही, परत सुरू करते. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला 2017 च्या नियमांनुसार बंदी आहे, तरी 35 दिवसांची पिल्लं सर्रास विकली जातात, याचा मला फार त्रास होतो.

आता जमिनीबद्दल. पार्वो 1978 च्या सुमारास पहिल्यांदा ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पोचला, कारण हा व्हायरस भयंकर चिवट. आजारी पिल्लाच्या शीतून बाहेर पडतो आणि मातीत, सावलीच्या जागी, महिनोन्‌महिने टिकतो. आजारी कुत्रं दिसायलाच हवं असं नाही, ते तीन महिन्यांपूर्वी तिथून गेलेलं असेल. तुमच्या चपलेला लागून तो चौथ्या मजल्यावर येतो. फिनाईल, सॅनिटायझर यांच्या भरवशावर राहू नका. लिक्विड ब्लीच चालतं, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी, पण आधी घाण साबणाने धुवून काढायची आणि मग ब्लीचचं पाणी दहा मिनिटं तसंच राहू द्यायचं, लगेच पुसायचं नाही. ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळू नका, टॉयलेट क्लीनर तर अजिबात नाही. चपला दाराबाहेर.

डिस्टेंपर, हा कुत्र्यांचा दुसरा व्हायरसचा आजार, याच्या उलटा आहे, तो बाहेर फार टिकत नाही, पण खोकल्या-शिंकेतून पसरतो. डोळ्या-नाकातून चिकट घाण, ताप, आणि काही दिवसांनी झटके. त्याच्यावर थेट औषध नाही. उंदरांच्या लघवीतून येणारा लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, माणसालाही होतो, त्यामुळे पावसाळ्याआधी त्याचीही लस घ्या.

मग चार महिने पिल्लाला खोलीत कोंडायचं का? नाही हो, तेही नुकसानच आहे. तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत जे बघितलं-ऐकलं त्याची त्याला भीती राहत नाही. रिक्षा, कुकरची शिट्टी, लहान मुलं, सगळं दाखवा, पण कडेवर घेऊन. मित्राकडे लस पूर्ण झालेला शांत कुत्रा असेल तर त्याच्या घरी न्या. सोसायटीची बाग नको, दवाखान्यातली फरशीसुद्धा नको.

आणि पिल्लू एक जेवण चुकवून मलूल पडलं, उलटी झाली, तर रात्र काढू नका. पेज, ताक, इलेक्ट्रॉल तोंडातून ओतत बसतात लोक, प्रेमानेच, पण उलट्या होणाऱ्या पिल्लाला ते टिकत नाही आणि कधी फुप्फुसात जातं. आधी फोन करा, गाडीतच थांबा, आम्ही बाहेर येऊन बघतो. वेळेत सलाइन मिळालेली बरीच पिल्लं वाचतात. ते लॅबचं वाचलं, सहाव्या दिवशी पाण्यात तोंड घातलं त्याने, आणि त्या ताई तिथेच खाली बसल्या.

मागून काकूंनी विचारलंय, घरातलं पिल्लू पार्वोने गेलं, दुसरं कधी आणायचं. काकू, फरशी, वाटी, पिंजरा ब्लीचने होईल. गादी, दोरीची खेळणी टाकून द्या. कुंड्यांची माती काही स्वच्छ होत नाही. त्यामुळे लस पूर्ण झालेलं, पाच-सहा महिन्यांचं आणा, नाहीतर मोठं कुत्रं दत्तक घ्या. गेलेल्या पिल्लाचा पट्टा आठवण म्हणून ठेवायचा असेल तर ठेवा ना, पिशवीत घट्ट बांधून कपाटात वर, पण नव्याच्या गळ्यात तो घालू नका.