चौदा यार्डांवरची नजर

[पडदा काळा. आधी फक्त श्वास ऐकू येतो. मग पडदाभर एक डोळा.]

हा डोळा नर एल्कचा आहे. एल्क म्हणजे उत्तर अमेरिकेतलं मोठं हरीण.

आमच्या कॅमेऱ्यापासून तो वीस यार्डांवर उभा आहे. कॅमेऱ्याच्या पुढे, देवदारासारख्या दिसणाऱ्या त्या स्प्रूसच्या बुंध्याशी, गुडघ्यावर धनुष्य टेकवून एक मुलगी बसली आहे. तिच्यापासून तो चौदा यार्डांवर आहे. एक एसटी मध्ये उभी केली तर थोडीच जागा उरेल, एवढंच अंतर.

त्याच्या खांद्याची उंची पाच फूट. वजन तीनशे किलोंच्या घरात. डोक्यावर दोन्ही बाजूंना सहा-सहा फाट्यांची शिंगं. आणि तो थांबलाय. त्याला काहीतरी खटकलंय.

यापुढची तीन मिनिटं चाळीस सेकंदं आम्ही कुठेही कापलेली नाहीत. पण ती बघण्याआधी थोडं मागे जाऊ या, नाहीतर त्या डोळ्यात काय चाललंय ते कळायचं नाही.

[डोंगराचा माथा, पहाटेचा निळा प्रकाश. खाली पिवळी पडत चाललेली ॲस्पेनची झाडं.]

हा कोलोरॅडोचा वायव्य भाग, फ्लॅट टॉप्स. नावाप्रमाणेच सपाट माथ्यांचे डोंगर. माथ्यावरचा कातळ बसाल्टचा, आपल्या सह्याद्रीसारखाच लाव्हातून घडलेला. फक्त इथे आपण साडेनऊ हजार फुटांवर आहोत आणि सप्टेंबरच्या पहाटे गवतावर दव नसतं, हिम असतं.

कोलोरॅडोत आज अडीच लाखांहून जास्त एल्क आहेत. अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही राज्यात एवढे नाहीत. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, बाजारात मांस आणि कातडी विकण्यासाठी झालेल्या बेसुमार कत्तलीनंतर, या राज्यात हजारभर एल्कही उरले नव्हते. मग शिकारीवर बंदी आली. शेजारच्या वायोमिंगमधून एल्क आणून इथल्या डोंगरांत सोडले. पुढे परवाने आले, ठरावीक हंगाम आले. 1937 च्या केंद्रीय कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. नंतर धनुष्यबाणही त्या करात आले. समोर उभं असलेलं हे जनावर त्या सगळ्या व्यवस्थेतून आलेलं आहे. हे आवर्जून सांगावंसं वाटतं, कारण आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा शब्द एकाच अर्थाने उरला, गुन्हा या अर्थाने, आणि आपल्या परिस्थितीत ते योग्यच होतं. इथला इतिहास वेगळ्या वाटेने गेला.

[बाप-लेक चढ चढताना. पाठीवर ओझं. बोलणं नाही.]

आम्ही ज्यांच्यासोबत सात दिवस होतो, ते बाप-लेक आहेत. नावं सांगायची नाहीत, एवढी एकच त्यांची अट. वडील साठीचे, लेक चोवीस वर्षांची. धनुष्य लेकीच्या हातात. वडील या वर्षी फक्त आवाज काढणार.

[वडिलांच्या तळहातावर घोड्याच्या नालेच्या आकाराची छोटीशी पट्टी. ते ती तोंडात ठेवतात.]

ही रबराची पट्टी टाळूला चिकटवायची आणि जिभेने दाबत हवा सोडायची. निघतो तो मादीचा आवाज. मांजराच्या म्याँवसारखा, शेवटाला खाली घसरणारा. ऐका.

आणि हे उत्तर. दरीपलीकडून.

[बिगूल. दूरवरून. दोनदा.]

याला इथे सगळे बिगूलच म्हणतात. सुरुवात खर्जात, मग आवाज चढत चढत शिट्टीवर जातो आणि शेवटी हुंदक्यांसारखे दोन-तीन ठोके. एवढ्या मोठ्या धुडातून एवढा बारीक आवाज निघतो, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत हा माजाचा काळ. नर या दिवसांत धड खात नाही, झोपत नाही. चिखलात लोळतो, स्वतःच्याच मुताने अंग भिजवतो. तो कुठे आहे हे तुम्हाला आधी नाकाने कळतं.

वडील लेकीच्या मागे पन्नास यार्ड, खालच्या अंगाला बसतात. यात सगळी गोम आहे. नर येतो तो आवाजाच्या दिशेने, म्हणजे त्याची नजर लेकीच्या पलीकडे असायला हवी. पण त्याच्याकडे हिशेब असतो. ‘इथून मादी दिसायला पाहिजे’ अशा जागी तो पोचतो आणि मादी दिसली नाही की तिथेच रोवल्यासारखा उभा राहतो. पुढे येत नाही, मागे जात नाही. नुसता बघतो.

[लेकीची बोटं. रुईच्या म्हातारीसारखा कापसाचा एक तंतू हवेत सोडते.]

हे ओळखीचं वाटेल. आपल्याकडे रुईची बोंडं फुटली की मुलं ‘म्हातारी’ म्हणून उडवतात, त्याच कुळातल्या झाडाचं हे बी. वाऱ्याची दिशा बघायला शिकारी ते खिशात ठेवतात. डोळा फसवता येतो, कानही फसवता येतो, नाक फसत नाही. पहाटे डोंगरावरची थंड हवा जड होऊन उताराने खाली वाहते, म्हणून त्या वेळी जनावराच्या खाली बसायचं. ऊन चढलं की तीच हवा उलटी वर जायला लागते. ती नेमकी केव्हा उलटेल, हे घड्याळात दिसत नाही.

[दुसरा दिवस. कुरणाच्या कडेला सात माद्या, तीन पिल्लं.]

आणि ही मादी. कळपाची म्होरकी. बाप-लेक दोघंही सांगतात, नराला फसवता येईल, हिला नाही. बघा, तिने मान वर केली. पायाखालची काडीसुद्धा मोडली नव्हती. आमच्यापैकी कुणीतरी कॅमेऱ्याची मूठ धरलेलं बोट हलवलं असेल, बस्स.

आता ती काय करते ते नीट पाहा. मान वर, मान खाली. मग बाजूला. तिच्या बाहुल्या आडव्या आहेत आणि डोळे डोक्याच्या दोन कडांना. त्यामुळे जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण समोरची वस्तू किती लांब आहे हे ताडायला मान हलवावी लागते. स्थिर गोष्ट तिला झाडोऱ्यात मिसळलेली दिसते. हललेली गोष्ट मात्र तिच्या नजरेतून सुटत नाही.

आणि आता, हे. तिने तोंड खाली नेलं. चरायला लागली, असंच वाटतं ना? लेकही हेच समजली. श्वास सोडला, खांदे सैल केले. आणि मादीची मान झटक्यात वर. गवताला तिने तोंड लावलंच नव्हतं.

[मादी भुंकते. कळप झाडीत नाहीसा.]

हे भुंकणं ऐकलं आणि मला मेळघाट आठवला. कॉलेजात असताना बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या प्राणिगणनेसाठी मचाणावर बसायचो. सांबर पाण्याशी यायचं, थबकायचं, पुढचा एक पाय उचलून जमिनीवर आपटायचं आणि मग ती ढाँक. अख्खं जंगल जागं व्हायचं. एल्क आणि सांबर एकाच कुळातले. हा उचललेला पाय, ही ताठ मान दोघांचीही. दबा धरणारा प्राणी बेसावधपणावर जगतो, आणि एवढं टक लावून बघणं हे त्याला दिलेलं उत्तर असतं: तू दिसलास. प्यूमासमोर, म्हणजे इथल्या दबा धरणाऱ्या मोठ्या मांजरासमोर, ते चालतं. 2023 च्या डिसेंबरपासून कोलोरॅडोत पुन्हा लांडगे सोडले आहेत, त्यांच्यासमोर ते कितपत चालेल, ते अजून दिसायचंय.

[पाचवा दिवस. सकाळी आठ अठ्ठावन्न. स्प्रूसचा बुंधा, लेकीची पाठ.]

आता तो.

आला तो बिगूल न वाजवता. आधी फक्त शिंग फांदीला लागल्याचा आवाज. मग हे पाय. मग मान. लेकीचं धनुष्य गुडघ्यावरच आहे. ओढायची वेळ मिळालेली नाही.

तिच्या पापण्या बघा. अर्ध्या मिटलेल्या. वडिलांनी लहानपणापासून सांगितलंय, त्याच्या डोळ्यात बघायचं नाही, त्याच्या पायांकडे बघायचं. तिने गळपट्टी नाकावर ओढलेली आहे, नाहीतर थंडीत श्वासाची वाफ दिसते. कानशिलावर माशी बसली आहे. माशी चालत डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत येते.

[एक मिनिट. फक्त चित्र.]

खोटं चरणं. पुन्हा मान वर. या वेळी लेक हललेली नाही.

एक मिनिट पन्नास सेकंद झाली आणि तो चालायला लागला. दोन पावलं. त्याचं डोकं जाड बुंध्याआड गेलं. त्याचा डोळा आपल्याला दिसत नाही म्हणजे आपण त्याला दिसत नाही. तेवढ्यात तिने धनुष्य उचललं आणि ओढलं. साठ पौंडांचं धनुष्य. चक्राच्या रचनेमुळे पूर्ण ओढल्यावर हातावर बारा पौंड उरतात, म्हणजे साडेपाच किलो. खांद्याच्या रेषेत हात ताणून साडेपाच किलो.

तो बुंध्याआडून बाहेर आला तो थेट समोर तोंड करून. छाती पुढे. आणि पुन्हा थांबला.

असा बाण मारणारे लोक आहेत. समोरून, गळ्याच्या मुळाशी, संत्र्याएवढ्या जागेत. हे दोघं मारत नाहीत. जनावर आडवं उभं असेल आणि स्थिर असेल, तरच. धनुष्याने जखमी होऊन निसटलेलं जनावर यांच्याही वाट्याला एकदा आलं होतं. दोन दिवस माग काढला, सापडलं नाही.

[तिची कोपर. सुरुवातीला स्थिर. मग थरथर.]

एक मिनिट. एक मिनिट वीस. नराचा वरचा ओठ किंचित उचलला गेलाय. दातांवर दात घासल्याचा आवाज आमच्या माईकने टिपलाय. तो राग दाखवतोय, कुणाला ते त्यालाही अजून कळलेलं नाही. मागे वडिलांनी आवाज काढणं थांबवलंय. त्यांना काहीच दिसत नाहीये. त्यांना फक्त शांतता ऐकू येते.

आता तिच्या टोपीच्या कडेला बघा. मघाचा एक कापसाचा तंतू तिथे अडकला होता. इतका वेळ तो आपल्याकडे, खाली झुकलेला होता. आता सरळ झाला. आणि आता वर, त्याच्या दिशेने.

ऊन उतारावर पोचलं होतं.

[नाकपुड्या. एकदा. दुसऱ्यांदा.]

तो वळला तेव्हा क्षणभर पूर्ण आडवा होता. एवढी मोठी बरगडी, चौदा यार्डांवर. पण पायांत वेग होता. तिने बाण सोडला नाही. भुंकण्याचा आवाज आला तेव्हा तो झाडीत शिरलेलाही होता.

[ती धनुष्य सावकाश सैल करते. चेहरा दाखवलेला नाही.]

सातव्या दिवशी तिला दुसरा नर मिळाला, चार फाट्यांचा. बावीस यार्डांवरून, आडवा. आम्ही तेव्हा खालच्या तळावर बॅटऱ्या भारायला गेलो होतो. इथल्या नियमाप्रमाणे खाण्याजोगं मांस जंगलात टाकून देता येत नाही. चार खेपांत ते खाली आणलं.

आमच्याकडे आहे ते पाचव्या दिवसाचं चित्रण.

[जमीन. खुरांचे दोन खोल ठसे, शेजारी शेजारी.]

वडील वर आले. लेकीने काही न बोलता बोट दाखवलं. त्यांनी गुडघ्यावर बसून त्या ठशांत पंजा ठेवून पाहिला. बुंध्याआडून बाहेर आल्यावर तो इथे उभा होता. डाव्या पुढच्या खुराजवळची माती थोडी उकरलेली आहे, म्हणजे पाय उचलला होता, आपटला मात्र नाही.

बाप-लेक उतरून गेले. आम्ही कॅमेरा ठशांवर तसाच लावून ठेवला. दाबलं गेलेलं गवत एकेक पातं करून पुन्हा उभं राहत होतं.

[चित्र चालू राहतं. निवेदन नाही.]