वायफाय जोडलंय, मग इंटरनेट का नाही?

नमस्कार श्रोतेहो. घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलवर इंटरनेट मस्त चाललंय आणि तुमच्या एकट्याच्या लॅपटॉपवर मात्र काही म्हणजे काही उघडत नाहीये, ही वेळ बहुतेकांवर आलेली असते, आणि ती नेमकी ऑनलाईन परीक्षेच्या किंवा मीटिंगच्या तोंडावरच येते. मग घाईघाईत पासवर्ड पुन्हा टाकून बघितला जातो, राउटर बंद-चालू होतो, एक जण सांगतो ड्रायव्हर, म्हणजे विंडोजकडून वायफायचं कार्ड चालवून घेणारं छोटं सॉफ्टवेअर, उडव, दुसरा सांगतो विंडोजच नवीन टाक, आणि सगळा प्रकार रोग रेड्याला आणि औषध पखालीला असा होऊन बसतो. माझं म्हणणं एवढंच आहे की काहीही उडवायच्या किंवा रीसेट करायच्या आधी बिघाड नेमका कुठे आहे ते शोधा. ते शोधता येतं, घरीच येतं, आणि त्यासाठी कॉम्प्युटरचं शिक्षण लागत नाही.

वायफाय लागलं असं आपण एका शब्दात म्हणतो, पण आत बऱ्याच गोष्टी एकामागून एक घडतात. लॅपटॉपमधलं वायफायचं कार्ड चालू असायला हवं, त्याला आसपासची नेटवर्क दिसायला हवीत, पासवर्ड जुळायला हवा, मग राउटर लॅपटॉपला एक नंबर देतो ज्याला आयपी अॅड्रेस म्हणतात, त्यानंतर राउटरच्या पलीकडे कंपनीची लाईन चालू हवी, आणि सगळ्यात शेवटी आपण टाईप केलेल्या साइटच्या नावाचा नंबर शोधून देणारा डीएनएस नावाचा सर्व्हर उत्तर द्यायला हवा. यातलं एक जरी अडलं तरी आपल्याला दिसतं एकच, की पेज उघडत नाही. म्हणून कुठे अडलंय ते बघायचं.

सुरुवात मोबाईलपासून करा. त्याच वायफायला जोडलेला मोबाईल घ्या आणि त्याचा मोबाईल डेटा आधी बंद करा, हे फार महत्त्वाचं आहे, कारण वायफायवर इंटरनेट नसेल तर बरेच फोन गुपचूप डेटावर जातात आणि आपल्याला वाटतं वायफाय ठीक आहे. डेटा बंद करून फोनवर पेज उघडलं नाही तर लॅपटॉपला हातच लावू नका, दोष राउटरमध्ये किंवा लाईनमध्ये आहे. फोनवर उघडलं तर आता उलटी तपासणी करा, फोनचा डेटा चालू करून हॉटस्पॉट लावा आणि लॅपटॉप त्याला जोडा. हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालला तर त्याचं कार्ड धड आहे आणि गोंधळ त्या राउटरशी जुळण्यात आहे, हॉटस्पॉटवरही नाही चालला तर मग लॅपटॉपच बघायचा. या एवढ्याशा तपासणीत अर्धं काम होतं, आणि तरीही लोक नेमकी हीच सोडून देतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

राउटर बंद करताना बटण दाबून लगेच चालू करू नका, प्लग काढून अर्धा मिनिट थांबा, मग लावा आणि सगळे दिवे नीट लागेपर्यंत धीर धरा. आणि लॅपटॉपबद्दल एक गोष्ट, जी बऱ्याच जणांना माहीतच नसते. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे, त्यामुळे तुम्ही शटडाऊन करता तेव्हा विंडोजचा आतला भाग पूर्ण बंद होत नाही, तो डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तसाच्या तसा परत उचलला जातो, त्यात अडकलेला ड्रायव्हरही आला. रीस्टार्ट केलं की मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं. त्यामुळे कुणी म्हणालं की मी बंद करून चालू करून बघितलं तर मी विचारतो, शटडाऊन केलं होतं की रीस्टार्ट? रीस्टार्टच करा.

आता समजा लॅपटॉपमध्ये वायफायचं बटणच दिसत नाहीये, एकही नेटवर्क नाही, आजूबाजूच्यांचंही नाही. आधी एअरप्लेन मोड बघा. मग कीबोर्डच्या वरच्या ओळीत एखाद्या बटणावर विमानाचं किंवा अँटेनाचं चित्र आहे का ते बघा, चुकून हात लागून वायफाय बंद झालेलं असतं, काही लॅपटॉपवर त्यासाठी एफएन बटण सोबत दाबावं लागतं. जुन्या लॅपटॉपना कडेला किंवा पुढच्या बाजूला छोटी सरकती कळ असायची, बॅगेत घालता काढता ती सरकते, आणि ती बंद असेल तर स्क्रीनवर कितीही काही करा, उपयोग नाही.

हे सगळं ठीक असेल तर स्टार्ट बटणावर राईट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि त्यात नेटवर्क अडॅप्टर्स ही ओळ उघडून नीट बघा. वायफाय किंवा वायरलेस असं काहीतरी नाव तिथे असायला हवं. नावावर खाली जाणारा छोटा बाण असेल तर कार्ड कुणीतरी बंद केलंय, राईट क्लिक करून एनेबल करा. पिवळं उद्गारचिन्ह असेल तर बहुतेक वेळा ड्रायव्हरचं दुखणं, अपडेटनंतर सुरू झालं असेल तर प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हर टॅबवर रोल बॅकचं बटण असतं, ते दाबता येत असेल तर आधी तेच वापरा. आणि नावच नसेल तर विंडोजला कार्ड दिसतच नाहीये, अशा वेळी लॅपटॉप बंद करून चार्जर काढा, पॉवरचं बटण वीसेक सेकंद दाबून धरा आणि मग चालू करा, काही वेळा अडकलेलं कार्ड एवढ्यानेही परत दिसायला लागतं.

इथे सगळ्यांना पडणारा प्रश्न म्हणजे इंटरनेटच नाही तर ड्रायव्हर डाऊनलोड कसा करायचा. उत्तर सोपं आहे, अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर यूएसबी टेदरिंग चालू करा. आता लॅपटॉपला केबलमधून इंटरनेट मिळतं, वायफायची गरजच नाही. फक्त केबल डेटावाली हवी, काही स्वस्त केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात आणि त्यावर ते टेदरिंग चालू होतच नाही. ड्रायव्हर घेताना लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, आपला मॉडेल नंबर टाकूनच घ्या. ड्रायव्हर शोधून देतो म्हणणारी जी फुकटची सॉफ्टवेअर असतात त्यांच्या नादी लागू नका, ती नको त्या गोष्टी लॅपटॉपमध्ये भरून ठेवतात.

कधी कधी सगळ्यांची नेटवर्क दिसतात पण आपलंच दिसत नाही. याचं कारण बहुतेकदा बँड असतं. वायफाय २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतं, अगदी नव्या उपकरणांत ६ पण आलंय. लॅपटॉप जुना असेल आणि त्याचं कार्ड फक्त २.४ वालं असेल तर ५ वरचं नेटवर्क त्याला दिसणारच नाही, तुम्ही राउटरच्या शेजारी बसलात तरी नाही. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे टाईप करून आज्ञा द्यायची विंडोजची खिडकी, उघडून नेटएसएच, जागा सोडून डब्ल्यूलॅन, मग शो, मग ड्रायव्हर्स असं टाईप करा, येणाऱ्या यादीत रेडिओ टाइप्स सपोर्टेड अशी एक ओळ असते, तिथे ८०२.११ च्या पुढे नुसतं बी, जी, एन असेल आणि ए, एसी, एएक्स यातलं काहीच नसेल तर कार्ड २.४ पुरतंच आहे असं समजा. मग राउटरवर २.४ चं नेटवर्क चालू करून घ्यायचं, की झालं.

त्याच यादीत ऑथेंटिकेशनचे, म्हणजे पासवर्ड तपासायच्या पद्धतींचे, प्रकारही असतात, तेही बघून ठेवा. डब्ल्यूपीए३ ही नवी सुरक्षा २०१८ मध्ये आली, आणि राउटर फक्त तिच्यावर लावून ठेवला तर जुन्या कार्डांना नेटवर्क दिसतं पण जोडणी होत नाही, आणि स्क्रीनवर नुसतं जोडता येत नाही असा मेसेज येतो. पासवर्ड बरोबर असूनही. अशा वेळी राउटरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र चालेल असा पर्याय असतो, तो निवडा. पासवर्डबद्दल फार बोलत नाही, नेटवर्क फरगेट करून डोळ्याचं चिन्ह दाबून अक्षरं बघत बघत टाका, कॅप्स लॉक आणि कीबोर्डची भाषा तेवढी तपासा.

आता ज्यासाठी मी खरं तर हा विषय घेतला तिकडे येतो. वायफाय जोडलेलं दिसतंय, काड्याही भरपूर, आणि खाली लिहिलंय नो इंटरनेट. इथे बघायचा तो आयपी अॅड्रेस. कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग असं सलग टाईप करा आणि एंटर दाबा. बऱ्याच ओळी येतील, घाबरू नका, वायरलेस लॅन अडॅप्टर वायफाय असं जिथे लिहिलंय त्याच्या खालची आयपीव्ही४ अॅड्रेसची ओळ शोधा. घरगुती राउटरवर तो साधारण १९२.१६८ ने सुरू होतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर तुम्हाला चोर सापडला. लॅपटॉपने राउटरकडे नंबर मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून त्याने स्वतःच स्वतःला एक नंबर देऊन टाकला, आणि त्या नंबरवर इंटरनेट मिळत नाही. मग आयपीकॉन्फिगच्या पुढे तिरपी रेघ देऊन रिलीज, आणि नंतर तसंच रिन्यू टाईप करा, म्हणजे लॅपटॉप परत नंबर मागतो. तरीही तेच आलं तर राउटर रीस्टार्ट करा, राउटरकडे वाटायला ठराविकच नंबर असतात आणि घरात फोन, टीव्ही, कॅमेरे वाढले की ते कधी कधी संपतात.

नंबर ठीक असेल तर त्याच यादीत डीफॉल्ट गेटवे म्हणून राउटरचा नंबर दिसेल, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. आता पिंग करायचं, म्हणजे त्या नंबरला हाक मारून उत्तर येतं का ते बघायचं. पिंग लिहून जागा सोडून तो नंबर टाका. रिप्लाय आला तर राउटरपर्यंत रस्ता साफ. मग पिंग ८.८.८.८ करा, हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर आहे. तिथून रिप्लाय आला तर इंटरनेट लॅपटॉपपर्यंत पोचतंय. आणि तरीही साइट उघडत नसेल तर बहुधा डीएनएस अडलंय, वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये डीएनएस हाताने ८.८.८.८ किंवा १.१.१.१ असं भरून बघा. हे दोन पिंग मला फार आवडतात, कारण त्यात अंदाजाला जागा नाही, जिथे रिप्लाय थांबला तिथून पुढे शोधायचं. ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या नेटवर्कवर मात्र पिंगला मुद्दाम उत्तर दिलं जात नाही असंही असतं, तिथे यावर फार विसंबू नका.

पिंग चालतंय, डीएनएस बदलला, तरी ब्राउझर रुसलेला असेल तर प्रॉक्सी बघा, प्रॉक्सी आणि व्हीपीएन म्हणजे आपलं इंटरनेट दुसऱ्या एखाद्या सर्व्हरमधून फिरवून नेणाऱ्या सोयी, कुठल्या तरी ऑफिसच्या कामासाठी लावलेली प्रॉक्सी किंवा व्हीपीएन तसंच राहून गेलेलं असतं. लॅपटॉपची तारीख पण बघा, ती काही वर्षं मागे गेली असेल तर सुरक्षित साइट त्यांच्या प्रमाणपत्राची तारीख जुळत नाही म्हणून उघडत नाहीत आणि दोष वायफायवर येतो. हॉटेल, विमानतळ वगैरे ठिकाणी जोडल्यावर आधी एक लॉगिनचं पान यावं लागतं, ते नाही आलं तर व्हीपीएन बंद करा, हाताने भरलेला डीएनएस काढा आणि परत जोडा.

वायफाय लागतं पण सारखं सुटतं, ही तक्रार जरा वेगळी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफायच्या नावावर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट, आणि तिथे बॅटरी वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची जी परवानगी असते तिची खूण काढा. सगळ्या लॅपटॉपवर तो टॅब नसतो, असला तर करा. २.४ गिगाहर्ट्झवर ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही असतात, आणि यूएसबी ३ ची हार्ड डिस्क किंवा हब लॅपटॉपला लावल्यावरच सिग्नल पडत असेल तर तो भास नाही, त्या पोर्टमधून आणि केबलमधून त्याच पट्टीत गोंगाट बाहेर पडतो, ५ वर गेलात की सुटाल.

आणि स्क्रीन बदलून आल्यावर लॅपटॉपला राउटरच्या शेजारीसुद्धा एकच काडी दिसायला लागली तर सॉफ्टवेअरमध्ये वेळ घालवू नका. बहुतेक लॅपटॉपमध्ये वायफायच्या अँटेना स्क्रीनच्या कडेने बसवलेल्या असतात, तिथून दोन बारीक वायरी बिजागरीतून खाली येतात आणि कार्डावर टिचबटणासारख्या बसतात, मुगाच्या दाण्याहून लहान टोकं असतात ती. एक निसटली किंवा बिजागरीत चेपली गेली की सिग्नल मरतो. दुरुस्तीवाल्याला नेमकं हेच सांगा, की आधी अँटेनाच्या वायरी बघा.

विंडोजच्या सेटिंगमध्ये नेटवर्क रीसेट म्हणून एक बटण आहे, ते चांगलं आहे, पण शेवटी दाबा, कारण साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड त्यात जातात आणि व्हीपीएन असेल तर ते पण परत बसवावं लागतं. तरीही जमलं नाही आणि कुणी फॉरमॅट मारू म्हणालं तर नाही म्हणा. त्याआधी यूएसबीचा छोटा वायफाय अडॅप्टर कुणाकडून तरी मागून लावून बघा. तो लावल्यावर इंटरनेट चाललं तर विंडोज फॉरमॅट करायची काही गरज नाही, आतलं कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर गेलाय. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते कार्ड वेगळं निघतं आणि बदलता येतं, काहींमध्ये बोर्डावरच जोडलेलं असतं, तिथे हा बाहेरचा अडॅप्टरच कायमचा ठेवायचा. नमस्कार.