येळवशीची रात्र, पैनगंगेच्या काठी

श्रोतेहो, नमस्कार.

लातूर-धाराशिवकडच्या माणसाला रानात जेवायला शिकवावं लागत नाही. मार्गशीर्ष अमावास्येला, आपल्या येळवशीला, गावं ओस पडतात आणि रानं भरतात. कडब्याची कोप म्हणजे खोपटं, भज्जी, उंडे, मडक्यातली आंबील. दिवस कलला की मात्र सगळे घरी. मला दर वर्षी हळहळ वाटते, कारण त्यानंतर येते ती वर्षातली एक फार सुंदर रात्र. चंद्र नाही, ढग नाहीत, हवा कोरडी.

म्हणून यंदा त्याच सुमारास एक मुक्काम ठरवा. किनवट तालुक्यात इस्लापूरजवळ पैनगंगेवर सहस्रकुंड आहे. धबधबा बघायला लोक पावसाळ्यात येतात. डिसेंबरात धार बारीक होते, काळा खडक उघडा पडतो आणि काठ शांत होतो. गाडी नसली तरी अडत नाही. मुदखेड-आदिलाबाद मार्गावर सहस्रकुंड नावाचं स्टेशनच आहे. निघण्याआधी तंबू कुठं लावू देतील ते गावात विचारून घ्या. या भागात पैनगंगा अभयारण्यही आहे, त्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय राहता येत नाही.

जागेबद्दल मात्र जरा सविस्तर सांगतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही तंबू थेट वाळूत ठोकला. मऊ, सपाट, पाण्यापासून दहा पावलांवर. शेळ्या घेऊन परतणारे एक आजोबा थांबले. म्हणाले, "लेकरांनो, वर सरका. नदीला पाणी आभाळातूनच येतं असं नाही." वरच्या अंगाला इसापूरचं धरण आहे. तिथून पाणी सोडलं की इकडं आभाळ निरभ्र असतानाही पात्र चढतं. त्या रात्री पाणी आलं नाही, पण तेव्हापासून मी वाळूत झोपलेलो नाही.

वर सरकण्याचा आणखी एक फायदा पहाटे कळतो. थंड हवा जड असते, ती उतारानं खाली येऊन पात्रात साचते. काठापेक्षा वर, मुरमाड जागेवर गारठाही कमी आणि दवही कमी. काळ्या रानात खुंट्या पटकन शिरतात खऱ्या, पण दवानं माती चिकट झाली की सकाळी तंबू आवरताना जीव जातो.

प्यायचं पाणी घरून न्या, माणशी चार-पाच लिटर तरी. जाड सतरंजी, बॅटरी, कानटोपी. सकाळी बूट झटकूनच घाला, विंचू तिथंच दडून बसतो. लाकूड तोडू नका, छोटा गॅस पुरतो. संडासला काठापासून चांगलं लांब जा आणि खड्डा बुजवा; खाली गावं तेच पाणी वापरतात.

आणि हात जोडून सांगतो, स्पीकर नेऊ नका. जेवणं झाली की बॅटऱ्या विझवा. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागतात. मग पूर्वेकडून वर आलेलं मृग नक्षत्र दिसेल, त्याच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण दिसेल. घरातली आजी अवस म्हणून नको म्हणेल. तिलाच सोबत न्या. त्या बाणाची गोष्ट तिच्याकडं आहे.