हृदयं किती भरली?

[पडद्यावर: पेलिकन टाउनचा चौक, सकाळ. खेळाडूच्या हातात जांभळा खडा.]

एका व्हिडिओ गेममधल्या अ‍ॅबिगेलला अमेथिस्ट, म्हणजे हा जांभळा खडा, आवडतो. खाणीत सापडलेला एक खडा तिला दिला की तिच्या खात्यात 80 गुण जमा होतात. नुसतं बोललं तर 20. भेटवस्तू आठवड्यातून दोनच देता येतात, नाहीतर लोकांनी एका दुपारीच लग्न उरकलं असतं. 250 गुणांचं एक हृदय. आठ हृदयं भरली की पिएरच्या दुकानात 200 नाण्यांना पुष्पगुच्छ मिळतो. दहा भरली, घरही वाढवलं, की पावसाच्या दिवशी किनाऱ्यावर जायचं. तिथं एक म्हातारा खलाशी 5000 नाण्यांना लग्नाचं पदक विकतो.

हा 2016 चा ‘स्टारड्यू व्हॅली’, एरिक बरोननं एकट्यानं बनवलेला गेम. हिशोब करून बघा: रोजचं बोलणं आणि दोन आवडत्या भेटी मिळून आठवड्याला 300 गुण. म्हणजे पुष्पगुच्छापर्यंत सात आठवडे. वाढदिवसाची भेट मात्र आठपट मोजली जाते, एका झटक्यात 640. त्यामुळे सराईत खेळाडूचं लक्ष अ‍ॅबिगेलपेक्षा कॅलेंडरवरच जास्त. आणि लग्न झालं की तीच ती वाक्यं पुन्हा पुन्हा कानावर पडू लागतात, कारण लिखाणाचा सगळा जोर लग्नाआधीच्या प्रसंगांवर खर्च झालेला असतो.

आकड्यांवरचं हे प्रेम जुनंच आहे. कोनामीच्या 1994 च्या ‘तोकिमेकी मेमोरियल’मध्ये शाळेची तीन वर्षं हातात असतात. एखाद्या मुलीकडे फार काळ दुर्लक्ष झालं की तिच्या नावापुढे बॉम्ब दिसू लागतो. तो फुटला की गावभर बोभाटा, आणि बाकीच्या मुलींच्या मनातूनही तुम्ही उतरता. त्यामुळे जिच्यावर जीव आहे तिला सोडून भलत्याच मुलीला फिरायला न्यावं लागतं, का तर बॉम्ब विझवायचाय. क्रूर आहे, पण हुशार आहे.

हा आकडा चुकला तर माणसाचा स्वभावच बदलतो. ऑगस्ट 2023 मध्ये ‘बाल्डर्स गेट 3’ आला, तेव्हा खेळाडूबरोबर फिरणारे गेममधले सोबती फारच लवकर गळ्यात पडत होते. चोरीच्या आरोपावरून पकडलेल्या एका लहान मुलीला तुम्ही सोडवता, काही सोबत्यांना ते पटतं, त्यांची मर्जी वाढते. अशा चार-दोन भल्या कामांनंतर रात्री तळावर थेट प्रेमाच्या गोष्टी! लॅरियन स्टुडिओचे प्रमुख स्वेन विंके यांनी नंतर सांगितलं की तो बग होता, मर्जीची मर्यादा फार खाली लावली गेली होती. पुढे ती दुरुस्त झाली.

पण मर्यादा वर सरकवून मूळ दुखणं जात नाही. एखाद्याबद्दल आदर वाटणं वेगळं आणि ओढ वाटणं वेगळं. दोन्ही एकाच खात्यात टाकलं की घोळ होणारच. तेव्हा खाती दोन ठेवावीत, आणि प्रेमाचं दार खेळाडूनं स्वतः निवडलेल्या वाक्यानंच उघडावं. ‘ड्रॅगन एज 2’नं 2011 मध्ये अशा वाक्यांपुढे हृदयाचं चिन्ह लावलं. दिसायला बटबटीत, पण चुकून कोणाच्या प्रेमात पडायची भीती गेली.

[पडद्यावर: हेडीसचा महाल. झाडलोट करणारी डूसा.]

त्याहून धाडसी काम 2020 च्या ‘हेडीस’नं केलं. डूसा म्हणजे हवेत तरंगणारं गॉर्गनचं, ग्रीक कथांतल्या सापांच्या केसांच्या राक्षसिणीचं मुंडकं, महालातली मोलकरीण. तिला मधुरसाच्या बाटल्या द्या, पुढे अमृत द्या, हृदयं भरत जातात. आणि शेवटी ती सांगते की तिला मैत्रीच हवी आहे. हृदयं भरूनही नकार! ‘विचर 3’मध्ये तर ट्रिस आणि येनेफर दोघींनाही प्रेमाची कबुली देणाऱ्या नायकाला, गेराल्टला, त्या पलंगाला बेड्या घालून निघून जातात. दोघीही हातच्या जातात.

शरीरसंबंधाच्या दृश्यात अडचणी वेगळ्याच. दोन थ्रीडी देह जवळ आले की हात पाठीत घुसतो, ओठ ओठांतून आरपार जातात, केस खांद्यात बुडतात. ‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’मध्ये नायक चार वंशांपैकी कोणत्याही वंशाचा असू शकतो, स्त्री किंवा पुरुष, म्हणजे आठ प्रकार. बुटक्या ड्वॉर्फपासून शिंगं असलेल्या धिप्पाड कुनारीपर्यंत. प्रत्येक उंचीसाठी मान, हात, कॅमेरा पुन्हा जुळवायचा. पडदा ऐन वेळी काळा होतो तो दर वेळी लाजेनंच होतो असं नाही, पुष्कळदा बजेट संपलेलं असतं.

याच गेममध्ये डोरियन नावाचा सोबती आहे. त्याचं प्रेम फक्त पुरुषांवर, आणि ते मान्य नसलेला बाप रक्ताच्या जादूनं मुलाला बदलायला निघालेला. नोव्हेंबर 2014 मध्ये ईए कंपनीनं हा गेम भारतातल्या विक्रीतून मागे घेतला. स्थानिक कायद्यांचा भंग टाळण्यासाठी, एवढंच कारण दिलं. कोणता कायदा, कोणतं दृश्य, यावर मौन. आगाऊ नोंदणी केलेल्यांना पैसे परत करण्याचं कंपनीनं जाहीर केलं. अनेकांचं बोट कलम 377 कडे गेलं. प्रौढांच्या संमतीच्या समलैंगिक संबंधांना ते कलम लागू होणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 6 सप्टेंबर 2018 ला दिला. तोवर गेम येऊन जवळपास चार वर्षं झाली होती.