आधी हवा सोडायची

(दृश्य: हरिपूर रस्ता, सकाळचे साडेआठ. पाठमोरे तात्या.)

सांगलीतून हरिपूरकडं जाणारा हा रस्ता. शेवटाला संगमेश्वराचं देऊळ आणि कृष्णा-वारणेचा संगम. फिरायला येणारी बहुतेक मंडळी पहाटेच उरकून घरी गेलेली असतात. तात्या मात्र ऊन वर आल्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. आळस नव्हे. गळीत हंगाम सुरू झाला की तुटलेल्या फडात पाचट पेटतं, आणि थंडीत तो धूर जमिनीलगतच बसून राहतो. ऊन तापलं की वर उठतो. पहाटेची हवा शुद्ध, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. उसाच्या मुलखात हिवाळ्यात ते जरा तपासून घ्यावं.

तात्यांना सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. गल्लीत विचाराल तर लोक ‘दमा’ म्हणतील. दम्यात आवळलेल्या श्वासनळ्या औषधानं बऱ्याच अंशी मोकळ्या होतात. सीओपीडीत त्या पुन्हा पूर्ण मोकळ्या होत नाहीत. बिडी-सिगारेट हे मोठं कारण, पण एकटं नव्हे. चुलीपुढं जन्म काढलेल्या, बिडीला हातही न लावलेल्या बायकांनाही हा आजार होतो. तात्यांच्या वाट्याला बिडीही आली आणि हळदीची धूळही. चाळीस वर्षं त्यांनी हळदीची पोती वाहिली.

(दृश्य: हळदीचा ढीग, चाळण, उडणारी पिवळी धूळ.)

सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या किती तरी आधीपासून हरिपुरात हळद पेवात ठेवत. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. तोंड अरुंद, पोट मोठं. 2005 च्या महापुरात बहुतेक पेवांत पाणी शिरलं आणि ती रीत जवळपास संपली. तात्या तरुणपणी पेवात उतरलेले. ते सांगतात, “झाकण काढलं की लगीच उडी न्हाई मारायची. आतली कोंदट हवा आधी बाहीर जाऊ द्यायची. मग मानूस आत.”

त्यांच्या छातीत नेमकं तेच झालंय. धाप लागली की वाटतं, हवा आत जात नाही. खरी अडचण उलटी असते. जुनी हवा बाहेर पडत नाही, फुप्फुसं फुगलेलीच राहतात, मग नव्या हवेला जागा कुठून मिळणार? घाबरून माणूस भराभर श्वास घेतो आणि आणखी कोंडतो.

फिजिओथेरपीच्या पोरीनं त्यांना पहिली गोष्ट शिकवली ती सोडायची. नाकानं दोन आकड्यांत घ्यायचा, ओठांचा चंबू करून चार आकड्यांत सोडायचा. गरम चहावर फुंकर घालतो तसा, पण हलका. जोर लावायचा नाही. ओठ आवळल्यानं नळ्यांमध्ये थोडा दाब टिकतो, त्या लवकर मिटत नाहीत आणि साचलेली हवा निघायला वेळ मिळतो. चालताना तात्या हेच पावलांवर मोजतात. दोन पावलं घ्यायचं, चार पावलं सोडायचं.

(दृश्य: फक्त पावलं. मागे श्वासाचा आवाज.)

दोन वर्षांपूर्वी तात्या खाटेवरून उठत नव्हते. उठलं की धाप, म्हणून बसायचं. बसलं की मांड्या सुकतात. सुकलेल्या मांड्यांना तेवढ्याच चालीला जास्त प्राणवायू लागतो, म्हणजे पुन्हा धाप. घरचे काळजीपोटी म्हणायचे, “तुम्ही बसा, आम्ही करतो.” या मायेनं तात्या आणखी खचले, असं माझं स्पष्ट मत आहे. गेलेलं फुप्फुस व्यायामानं परत येत नाही. पाय मात्र परत येतात, आणि पाय आले की तेवढ्याच श्वासात माणूस जास्त चालतो.

सुरुवात मोजून-मापून झाली. सहा मिनिटांत किती चालणं होतं ते पाहिलं, बोटाला ऑक्सिमीटर लावून. मग आठ आठवडे ठरवून व्यायाम. खुर्चीवरून उठ-बस, पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन दंड उचलणं, आणि चालणं. वेग किती? चालता चालता बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, इतका. पहिल्या आठवड्यात तात्या तिसऱ्या विजेच्या खांबाशी थांबले होते. गुडघ्यांवर हात टेकून, पुढं वाकून.

निघण्याच्या पंधरा मिनिटं आधी पंप, म्हणजे तोंडानं ओढायच्या औषधाचा इनहेलर. ‘पंपाची सवय लागते’ म्हणून शेजारच्या एकानं त्यांचा पंप दोन महिने बंद ठेवायला लावला होता, आणि ते दोन महिने ॲडमिट होण्यात संपले. पंपातलं औषध थेट नळ्यांत जातं, म्हणून गोळीपेक्षा फार कमी मात्रा पुरते. पंप दाबून भागत नाही. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून सावकाश श्वास ओढायचा, दहा आकडे धरायचा. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायची.

सर्वांत अवघड काम कोणतं, असं आम्ही विचारलं. वाटलं, जिना म्हणतील. म्हणाले, “आंघोळ.” दोन्ही हात वर, कोंदलेली वाफ, वाकणं. आता न्हाणीत एक प्लास्टिकचं स्टूल आहे. बसून अंग धुवायचं, तांब्या उचलताना श्वास सोडायचा, दार किलकिलं ठेवायचं.

जेवणही तुकड्या-तुकड्यांनी. पोट तट्ट भरलं की छातीखालचा पडदा वर ढकलला जातो. फ्लूची लस दर वर्षी. आणि बेडका वाढला, त्याचा रंग बदलला, पायांवर सूज आली किंवा रोजच्यापेक्षा जास्त धाप लागली, तर त्या दिवशी रस्ता नाही, दवाखाना.

(दृश्य: संगमाचा घाट.)

आज तात्या संगमापर्यंत आलेत. वाटेत चार थांबे झाले. घाट उतरताना बोलत होते, चढताना गप्प. एक पायरी चढताना श्वास सोडायचा, पायरीवर उभं राहून घ्यायचा. मागून आमचा कॅमेरामन ट्रायपॉड खांद्यावर टाकून तरातरा वर आला आणि धापा टाकत कठड्याला टेकला. वय सव्वीस.

तात्यांनी त्याच्याकडं नीट बघितलं. “घिऊ नगंस,” म्हणाले, “आधी सोड.”